उद्याचा गोळा

फार जुनी गोष्ट आहे. घाट चढून वर आलं की एक लहानशी पेठ लागायची आणि पेठेच्या तोंडाशीच एका भटाऱ्याची भट्टी होती. नाव त्याचं मल्हारी, पण त्या नावाने हाक मारणारी माणसं आता फारशी उरली नव्हती. सगळे त्याला भटारीच म्हणत. घाटातून येणाऱ्या वाटसरूला भट्टी दिसायच्या आधी तिचा वास यायचा आणि दमलेले पाय पुन्हा उचलायला लागायचे.

भटारी रोट भाजायचा. चांगले जाडजूड, वरून खरपूस आणि आतून मऊ. रोट फुगायला खमीर लागतं, आणि त्या काळी खमीर काही दुकानात मिळत नव्हतं. ते आदल्या दिवशीच्या कणकेतूनच यायचं. म्हणून फुगलेली कणीक भट्टीत जाण्याआधी भटारी तिच्यातला मूठभर गोळा काढून मडक्यात ठेवायचा. संध्याकाळी तो नव्या पिठात मळला की रात्रभरात सगळं पीठ फुगून वर यायचं. पेठेत त्याला ‘उद्याचा गोळा’ म्हणत. भटाऱ्याच्या बापाने मरताना दागिने कुठे पुरलेत वगैरे काही सांगितलं नाही. पुरायला होतंच काय? तो एवढंच म्हणाला, "पोरा, काय वाटेल ते कर, पण उद्याचा गोळा भाजू नकोस."

भट्टी हाती आली तेव्हा मल्हारी अगदी तरुण होता आणि त्याचा धंदा बेताचा होता. कारण पेठेत घरोघरी रोट व्हायचे. प्रत्येक घरात खमिराचं मडकं होतं. मग भटारी गिऱ्हाइकांना गोड बोलून समजवायला लागला. "वहिनी, घरी रोट भाजून परवडतं का? सरपण किती जातं बघा. दिवसभर धुरात डोळे चोळायचे आणि निघणार काय, तर दोन रोट. त्यातला एक करपलेला! माझ्याकडून न्या आणि तेवढ्या वेळात चार कामं उरका."

यात खोटं काहीच नव्हतं. घरचा रोट परवडत नव्हताच. पण बायका हो-हो म्हणायच्या आणि घरी जाऊन पुन्हा पीठ मळायच्या. एखादीचं खमीर वाळून गेलं, तर संध्याकाळी कामं आटोपली की ती वाटी घेऊन शेजारणीच्या दारात जायची आणि मडकं पुन्हा जिवंत व्हायचं.

भटाऱ्याच्या हे लक्षात आलं. दिवेलागणीनंतर घरातलं विरजण कुणाला देऊ नये, असं पेठेत सगळे मानतच होते. भटाऱ्याने त्यात हळूच खमीर बसवून दिलं. "दिवे लागल्यावर खमीर उंबऱ्याबाहेर गेलं की घरातलं माणूस जातं. आमचे जुने लोक सांगायचे," असं तो रोटाबरोबर प्रत्येकाच्या हातात देऊ लागला. जुने लोक असलं काही सांगत नव्हते. ते त्याने भट्टीपुढे बसल्या बसल्या रचलं होतं.

सुरुवातीला लोक हसले. पण नंतर पेठेत असं काही घडलं, की हसणं बंद झालं. बायकांना दिवसा वेळ नसायचा आणि संध्याकाळी मागायची सोय उरली नाही. एकेक मडकं वाळत गेलं आणि भटाऱ्याची भट्टी दणक्यात चालू लागली.

शेवटी एकच मडकं राहिलं, ते खुद्द भटाऱ्याच्या घरात. त्याची बायको हौसा लग्न होऊन आली तेव्हा माहेरचं खमीर घेऊन आली होती. इतकी वर्षं ती ते सांभाळत होती आणि आठवड्यातून एकदा चुलीच्या निखाऱ्यात छोटासा रोट भाजायची. भटारी तिच्यावरही करवादला. "भट्टी दाराशी असताना घरात वेगळा रोट कशाला? त्या मडक्याला रोज मूठभर पीठ चारायचं, हे कुणी सांगितलंय?"  थोड्या दिवसांनी मडकं फडताळात दिसेनासं झालं. भटाऱ्याला बरं वाटलं. ते कुठे गेलं, हे त्याने विचारलंसुद्धा नाही.

आता पेठेची एक रीत सांगितली पाहिजे. टेकडीवर देवीचं देऊळ होतं. जत्रेच्या दिवशी सूर्य उगवताना भट्टीतला पहिला रोट देवीपुढे ठेवायचा, हा भटाऱ्याच्या घराचा मान. रोट टम्म फुगलेला हवा. चपटा रोट त्या पेठेत फक्त सुतकात करत. तसला रोट देवीपुढे गेला, तर पंच भट्टी काढून घेणार आणि दुसऱ्याला देणार, कारण भट्टी पेठेच्या मालकीची होती. भटाऱ्याच्या आज्यापणज्यांपासून ती घरात राहिली होती, ती याच मानावर.

त्या वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी भट्टीवर झुंबड उडाली होती. अशा गर्दीच्या दिवशी भटारी उद्याचा गोळा शेवटच्या घाण्यातून काढायचा. शेवटची कणीक लाकडी काथवटीत फुगत ठेवून तो घाम पुसत बाहेर आला, तर कुंभारवाड्यातून धूर वर चढताना दिसला. कुंभाराच्या मडकी भाजायच्या आव्याचा धूर असा नसतो. या धुराला रोटाचा वास होता.

भटाऱ्याचं डोकंच फिरलं. कुंभाराची सून तानी घरी रोट भाजते, अशी कुणकुण त्याच्या कानावर होती. ती खमीर आणते कुठून, हे मात्र कळत नव्हतं. कणीक तशीच टाकून तो तरातरा कुंभारवाड्यात गेला.

तानीने एक तडा गेलेला रांजण उपडा घालून, त्याला खालून भोक पाडून त्याची भट्टी केली होती. चारपाच शेजारणी भोवती उभ्या होत्या. कडेवरचं तान्हं पोर सावरत तानी नुकताच रोट बाहेर काढत होती. एका बाजूने तो काळा पडला होता.

"वा वा," भटारी म्हणाला. "सरपण किती लागलं गं?"

"बरंच लागलं, काका."

"आणि वेळ?"

"सकाळपासून इथेच आहे."

"आणि एवढं करून हा एक रोट! अगं, एवढ्यात माझ्याकडून आठवडाभराचे रोट झाले असते. परवडतं का हे?"

"नाही परवडत," तानी सरळ म्हणाली. "पण सासूबाईंना दात नाहीत. तुमच्या रोटाची कड त्यांना चावत नाही. मी कड मऊ राखायला शिकतेय."

भटाऱ्याने रोट उचलला आणि रांजणावर आपटला. ठण्णकन आवाज आला. "ही मऊ कड?" तो म्हणाला, तशा शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. तानीचा चेहरा एवढासा झाला. तिने रोट परत घेतला, पदराने पुसला आणि आत गेली. भटारी मात्र मोठ्या खुशीत परतला. खरं तर त्याला लाज वाटायला हवी होती, पण लाज त्या दिवशी जरा उशिरा यायची होती.

भट्टीवर परत येतो तो काय, कणीक फुगून काथवटीबाहेर ओघळायला लागली होती आणि गिऱ्हाइकं खोळंबली होती. भटाऱ्याने भराभर गोळे केले, थापले, भट्टीत लोटले. भाजून होताच रोट विकले गेले. मग उद्या देवीचं काम म्हणून त्याने काथवट उकळत्या पाण्याने धुतली, घासली आणि उन्हात टाकली.

सूर्य टेकडीच्या खांद्यावर आला तेव्हा तो देवीच्या रोटाचं पीठ मळायला बसला. पीठ चाळून घेतलं. पाणी कोमट केलं. खमिराच्या मडक्यात हात घातला, तो थेट बुडाला लागला.

त्याने पुन्हा हात घातला, मग मडकं उजेडाकडे धरून पाहिलं. उद्याचा गोळा त्याने भाजून विकला होता.

भटाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो उन्हातल्या काथवटीकडे धावला. कुठे फटीत कणीक चिकटून राहिली असेल म्हणून नखाने खरवडली, पण काथवट चांगली लख्ख होती. पीठ आत्ता मळलं तरच सकाळपर्यंत फुगणार होतं. उद्या उजाडल्यावर खमीर मिळून काही उपयोग नव्हता. आणि अख्ख्या पेठेत मागायला जावं असं एकही घर त्याने शिल्लक ठेवलं नव्हतं. खमीर होतं ते एका तानीकडे, पण जिचा रोट आत्ताच आपटला तिच्या दारात कुठल्या तोंडाने जाणार?

तो घरी पळत आला. हौसा दिव्याची वात वळत बसली होती.

"तुझं ते माहेरचं मडकं... टाकलंस का गं?"

हौसाने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याचा चेहरा पाहून तिला सगळं कळलं. "टाकलं नाही. इथे त्याला पीठ नव्हतं, म्हणून जिथे पीठ मिळेल तिथे दिलं. तानीकडे आहे."

भटारी मटकन खाली बसला.

"बसू नका," हौसा म्हणाली. "अजून दिवे लागले नाहीत. मीही दिवसाउजेडीच दिलं होतं. एकदा दिवे लागले की तिची सासू गोळा बाहेर जाऊ देणार नाही. त्या बाबतीत म्हातारी फार कडक आहे." भटारी उठून निघाला, तशी ती मागून म्हणाली, "अहो, ते दिवेलागणीचं खरंच असतं ना?"

भटारी घाईने बाहेर पडला.

कुंभारवाडा पेठेच्या दुसऱ्या टोकाला. भटारी झपाझप चालत होता आणि पेठेतला प्रत्येक जण त्याला अडवत होता. "काय भटारीदादा, उद्याचा रोट केवढा?" "देवीला यंदा तीळ लावणार का?" थोरल्या पंचांनी तर त्याचा हातच धरला आणि पालखी कुठून कशी जाणार, ते सांगत राहिले. भटारी मान हलवत होता. त्याचं सगळं लक्ष समोरच्या घरांकडे होतं. सोनाराकडे दिवा लागला. मग तेल्याकडे लागला. पंचांनी हात सोडला तेव्हा तो चक्क पळत सुटला.

तो कुंभाराच्या दारात पोचला, तेव्हा तानीची म्हातारी सासू देवळीतल्या दिव्याला हात जोडत होती.

"काकी," भटारी धापा टाकत म्हणाला, "मूठभर खमीर हवंय. देवीच्या रोटाला."

म्हातारीने वळून पाहिलं. "दिवा लागला रे, मल्हारी."

"आत्ताच तर लागला, काकी. आमची भट्टी जाईल हो. पिढ्यांची भट्टी आहे."

"तुझी भट्टी जाईल, मला कळतंय. पण माझ्या घरात पाळणा आहे." म्हातारी उंबऱ्याच्या आत उभी राहिली आणि चौकटीच्या दोन्ही बाजू धरल्या. "तुला तर ठाऊकच आहे. सगळ्या पेठेला ठाऊक आहे. शेजारीण वाटी घेऊन आली होती आणि दिवा लागलेला होता. मी हसले. असलं काही नसतं म्हटलं आणि दिलं खमीर. महिना झाला नाही तोवर माझा धाकटा तापात गेला. पाच वर्षांचं पोर माझं. मूठभर पिठापायी मी त्याला घालवलं. आता पुन्हा नाही देणार, बाबा. देवीसाठीसुद्धा नाही."

 भटाऱ्याला ते दिवस आठवले. तेव्हा लोक भट्टीवर येऊन कुजबुजत होते, आणि त्याने मोठा उसासा टाकून म्हटलं होतं, "मी सांगतच होतो. कुंभारणीचं बघितलंत ना?" त्यानंतर पेठेत कुणी हसलं नव्हतं. धंद्याला बरं झालं, एवढंच त्या वेळी त्याच्या मनात आलं होतं. ती बाई हे घेऊन इतकी वर्षं जगत असेल, असं कधी मनाला शिवलंही नव्हतं.

 तो मागे वळला. तेवढ्यात घराच्या कोपऱ्यावरून तानीने त्याला हाताने खुणावलं. तो फुटक्या मडक्यांच्या ढिगाला वळसा घालून मागच्या दाराशी गेला. तानीने ओल्या फडक्यात गुंडाळलेला गोळा त्याच्या हातावर ठेवला.

"जा लवकर," ती पुटपुटली. "मी ते दिवेलागणीचं मानत नाही. पण सासूबाईंपुढे बोलवत नाही. त्यांना कळू देऊ नका म्हणजे झालं."

दुपारी ज्या पोरीचा रोट त्याने रांजणावर आपटला होता, तिच्याच हातचा गोळा त्याच्या मुठीत होता. मऊ, गार, आंबूस वासाचा. आता फक्त घरी जायचं होतं. रोट फुगला असता, भट्टी राहिली असती, मान राहिला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. भटाऱ्याने दोन पावलं टाकलीही.

तेवढ्यात आतून म्हातारीचा आवाज आला. ती दिव्याशी बोलत होती. "नाही दिलं हं मी. या वेळी नाही दिलं. पाळण्यातल्या जिवाला सांभाळ. जे करायचं ते माझं कर."

भटारी जागच्या जागी थांबला. उद्या या पोराला नुसती सर्दी झाली आणि मागच्या दाराने गोळा गेल्याचं म्हातारीला कळलं, तर? आणि नाहीच कळलं, तरी ती रोज संध्याकाळी अशीच दिव्यापुढे उभी राहणार, मरेपर्यंत. आणि खरं बोलावं, तर सगळी पेठ त्याच्या तोंडावर थुंकेल. घरोघरी पुन्हा मडकी येतील. कदाचित भट्टीही जाईल. हातातला गोळा सुखरूप होता आणि घराची वाट मोकळी होती. 

तो वळला, पुढच्या दारी आला आणि गोळा उंबऱ्यावर ठेवला.

म्हातारी दचकली. "हा कुठून आला? कुणी दिला?"

"काकी, आधी माझं ऐका. ते दिवेलागणीचं खोटं आहे. ते जुन्या लोकांनी सांगितलेलं नाही. मी रचलं. बायकांनी एकमेकींना खमीर देऊ नये आणि माझे रोट खपावेत म्हणून रचलं. तुमचा लेक तापाने गेला, काकी. तुम्ही कुणाला काही दिल्याने गेला नाही."

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. मग चौकटीला धरून हळूहळू खाली बसली.

"मी त्याच्या अंगावरून हात फिरवताना म्हणायची," ती म्हणाली, "की बाळा, आईने चूक केली. शेवटपर्यंत तेच म्हणत होते. त्याला दुसरं काही बोललेच नाही रे मी. एखादी गोष्ट सांगितली असती. गाणं म्हटलं असतं."

भटारी रडू लागला. म्हातारी रडली नाही. तानी दारामागे तोंडावर हात धरून उभी होती.

बऱ्याच वेळाने म्हातारीने उंबऱ्यावरचा गोळा उचलला.  तिने देवळीतल्या दिव्याकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून तो गोळा स्वतःच्या हाताने भटाऱ्याच्या ओंजळीत ठेवला.

"रोट देवीचा आहे, तो फुगू दे," ती म्हणाली. "पण मला सांगितलंस ते उद्या सगळ्यांसमोर सांग. आणि मी तुला माफ केलंय असं समजू नकोस."

दुसऱ्या दिवशी उजाडताना भटारी डोक्यावर रोट घेऊन निघाला. हौसा त्याच्याबरोबर होती. रात्री त्याने तिला सगळं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. रोट असा फुगला होता, की तसा गेल्या कित्येक जत्रांत फुगला नव्हता. पण भटाऱ्याचं लक्ष रोटाकडे नव्हतं. कुंभारवाड्यापाशी आल्यावर त्याचे पाय थांबले. आतून पोर भोकाड पसरून रडत होतं. चांगलं खणखणीत, भुकेलं रडणं. ते ऐकून भटाऱ्याने श्वास सोडला. खोटं त्याने स्वतःच रचलं होतं, तरी इतकी वर्षं बोलून बोलून त्याच्याही मनात त्याची भीती बसली होती.

देवळात रोट ठेवून झाल्यावर त्याने पंचांसमोर आणि सगळ्या पेठेसमोर सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. आधी कुणाचा विश्वास बसेना. मग गलका झाला. कुणी म्हणालं याला हाकला, कुणी म्हणालं भट्टी काढून घ्या. पंचांनी म्हातारीकडे पाहिलं.

"भट्टी काढून मी काय करू?" म्हातारी म्हणाली. "राहू दे त्याच्याकडे. मात्र रोज दिवे लागले की त्याने भट्टीच्या दारात बसायचं. जी वाटी घेऊन येईल तिला खमीर द्यायचं. दिवे लागल्यावरच द्यायचं, आधी नाही."

तसंच ठरलं. पहिल्या संध्याकाळी दोघीच आल्या, त्याही घाबरत घाबरत. मग रांग लागू लागली. पेठेत पुन्हा घरोघरी धूर दिसायला लागला. खरं सांगायचं, तर त्यातल्या निम्म्या जणी सरपणाला आणि धुराला कंटाळून पुन्हा भटाऱ्याचेच रोट नेऊ लागल्या. घरचा रोट तेव्हाही परवडत नव्हता. पण आता तो ज्यांना करायचा त्या करत होत्या आणि ज्यांना नको त्या विकत घेत होत्या, आणि दोघींच्याही मनात भीती नव्हती. हौसाचं मडकं फडताळात परत आलं. भटारी रोज त्यात स्वतःच्या हाताने मूठभर पीठ घालायचा.

म्हातारी मात्र भट्टीकडे कधी फिरकली नाही. भटारी रोज संध्याकाळी दारात बसायचा आणि कुंभारवाड्याच्या वाटेकडे बघायचा.

पुढे एकदा थंडीच्या दिवसांत पेठेत दिवे लागले, आणि त्या वाटेने काठी टेकत कुणीतरी आलं. म्हातारी होती. तिच्या घरी तानीचं मडकं काठोकाठ भरलेलं होतं, हे भटाऱ्याला ठाऊक होतं. तिने पदराआडून वाटी काढून पुढे केली. भटाऱ्याने दोन्ही हातांनी वाटीत गोळा ठेवला. दोघांनीही भट्टीच्या देवळीतल्या पेटलेल्या दिव्याकडे पाहिलं.

"मल्हारी," म्हातारी जाता जाता म्हणाली, "कड जरा मऊ राखत जा रे. आम्हाला दात नाहीत."

तात्पर्य: घरचा रोट परवडतो की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं; पण आपला माल खपावा म्हणून दुसऱ्याच्या घरात भीती पेरू नये, कारण तिची किंमत कुणाला मोजावी लागते ते पेरणाऱ्याला दिसत नाही.